मोटरहोमने स्पेन-पोर्तुगाल: आधी मुक्काम ठरवा, मग रस्ता

मोटरहोमने, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय आतच असलेल्या गाडीने, स्पेन-पोर्तुगाल फिरायचं ठरलं की आपल्याकडे आधी शहरांची यादी होते. सेव्हिल, लिस्बन, सिंत्रा, पोर्तो, जमलंच तर बार्सिलोना. मग अंतरांची बेरीज होते, गाडी बुक होते. रात्रीचं काय? 'मिळेल तिथे लावू की!' पुढे दंडाची पावती, गल्लीत अडकलेली गाडी आणि तुडुंब भरलेली संडासाची पेटी हे ओघानेच येतं. क्रम उलटा हवा. रात्री कुठे झोपणार ते आधी, पाणी आणि सांडपाणी कुठे ते त्यानंतर, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. पुण्या-मुंबईहून विमानाने जाऊन तिथे गाडी भाड्याने घेणारे आणि ब्रिटनमधून स्वतःची गाडी बोटीवर चढवून नेणारे, दोघांसाठीही हे टप्पे आहेत.

## टप्पा १: व्हिसा, परवाना आणि वजन

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच्याकडे अर्ज करायचा; रात्री समसमान असतील तर आधी ज्या देशात उतरणार त्याच्याकडे. अर्जात मुक्कामाचा पुरावा मागतात, तिथे 'आम्ही गाडीतच झोपणार' एवढ्यावर भागत नाही. गाडीच्या भाडेकराराची प्रत आणि नंतर रद्द करता येतील अशी कॅम्पसाइटची (पैसे भरून गाडीसह राहायच्या जागेची) बुकिंग जोडा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्यांनाही हाच व्हिसा लागतो. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना व्हिसा नको, पण कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा त्यांनाही आहे. सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद होते, त्यामुळे दिवस मोजताना अंदाजपंचे नको.

परवान्याच्या बाबतीत गोंधळ ठरलेला. आपल्याकडच्या एलएमव्ही परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालते. युरोपात 'बी' वर्गाची हद्द ३,५०० किलोला संपते, आणि तुमच्या आंतरराष्ट्रीय परवान्यावरही तोच वर्ग लागू होतो. तेव्हा गाडी ३,५०० किलोच्या आतलीच घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी आरटीओतून काढायचा, तो वर्षभर चालतो, आणि मूळ भारतीय परवाना सोबत असेल तरच त्याला अर्थ आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांनाही मोठ्या डिझेल मोटरहोमसाठी वेगळा वर्ग काढावा लागतो.

आता वजन. हे कुणीच मोजत नाही, म्हणून कागदावर मांडूनच दाखवतो. समजा गाडीचं कमाल वजन ३,५०० किलो आणि चालकासह तयार गाडीचं वजन ३,०५०. उरले ४५०. आणखी तीन माणसं धरा, २१० किलो. चार बॅगा ८०. खुर्च्या, टेबल, किराणा, भांडी मिळून ६०. पाण्याची टाकी भरली, १०० लिटर म्हणजे १०० किलो. झाले ४५०. सायकली, चालता चालता घेतलेल्या वाइनच्या बाटल्या, पोर्तुगालच्या टाइल्स यांना जागा शिल्लक नाही.

तपासा: झोपायच्या जागा सहा म्हणजे पट्ट्याच्या सीटही सहा, असं नसतं. बुकिंग करताना पट्ट्यांची संख्या वेगळी विचारा. १३५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य ती बालआसनं लागतात. ती आधी मागवून ठेवा.

## टप्पा २: मोसम आणि आखणी

जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिल आणि कोर्दोबाचा पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या डब्यात तेव्हा झोप लागत नाही, आणि छतावरचा एसी बाहेरच्या विजेवरच चालतो. शाळेच्या सुट्टीमुळे उन्हाळ्यातच जायचं असेल तर अंदालुसिया सोडा आणि उत्तरेला गालिसिया, अस्तुरियास, पोर्तुगालचा मिन्यो असा हिरवा पट्टा घ्या. दक्षिणेसाठी एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर. ईस्टरच्या आठवड्यात सेव्हिलमध्ये मिरवणुकांमुळे रस्ते बंद असतात. मिरवणुकाच बघायला जात असाल तर गोष्ट वेगळी. हिवाळ्यात आल्गार्व्ह, म्हणजे पोर्तुगालचा दक्षिण किनारा, रिकामं असेल अशी समजूत असते, पण जानेवारी ते मार्च तिथे उत्तर युरोपातले पेन्शनर आपापल्या मोटरहोम घेऊन तळ ठोकून बसलेले असतात.

दोन आठवड्यांची एक आखणी देतो, गाडी मालागाला घेऊन तिथेच परत करायची अशी. मालागा ते सेव्हिल सुमारे २१० किलोमीटर, सेव्हिल ते फारो २००, फारो ते लिस्बन २८०, लिस्बन ते एव्होरा १३०, एव्होरा ते मेरिदा १६०, मेरिदा ते सेव्हिल १९० आणि पुन्हा मालागा २१०. बेरीज १,४०० च्या आसपास, आणि आडवळणं धरून १,७०० समजा. पोर्तो यात बसत नाही. बसवायचा हट्ट केलात तर दोन आठवडे स्टिअरिंगवरच जातील. पोर्तो आणि दोरू नदीचं खोरं ही दुसरी सहल.

वेळ काढताना नकाशातल्या ॲपवर विसंबू नका, ते कारचा वेळ सांगतं. थांबे धरून ताशी ६० किलोमीटर पडतात असं मानून चाला. दिवसाला २०० किलोमीटर पुष्कळ झाले, आणि प्रत्येक चौथा दिवस न हलण्याचा ठेवा.

सावधान: पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे आहे. पोर्तुगालमधून स्पेनमध्ये परत येताना हा तास हातचा जातो, आणि गाडी परत करण्याची किंवा विमानाची वेळ नेमकी त्याच दिवशी असते.

## टप्पा ३: गाडी ताब्यात घेताना

दुपारी गाडी मिळते आणि कर्मचारी वीस मिनिटांत सगळं समजावून मोकळा होतो. घाईत मान डोलावू नका. त्याचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. गाडीला चहूबाजूंनी झाकणं असतात. एक डिझेलचं, एक पिण्याच्या पाण्याचं, एक ॲडब्लूचं (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचं), एक विजेच्या केबलचं. पाण्याच्या टाकीत डिझेल आणि डिझेलच्या टाकीत पाणी हे दोन्ही अपघात नेहमीचे. पहिल्याच दिवशी प्रत्येक झाकणावर मराठीत चिकटपट्टी लावा. हसतील लोक, हसू देत.

छताचेही फोटो काढा. बहुतेक ओरखडे वर, फांद्यांचे असतात, आणि परत देताना ते बरोबर दिसतात. विम्यात छत, काचा, टायर आणि गाडीचा खालचा भाग येतो का, हे करारात बोट ठेवून विचारा. सीमा ओलांडायची लेखी परवानगी आहे ना, हेही तिथेच बघा.

गाडीची उंची आणि रुंदी आरशांसह मोजून, मोठ्या आकड्यांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. उंची तीन मीटरच्या जवळ असते, आणि समुद्रकाठच्या पार्किंगवर दोन-सव्वादोन मीटरवर लोखंडी आडवा खांब असतो.

स्पेनमध्ये नोंदणी झालेल्या गाडीत १ जानेवारी २०२६ पासून व्ही-१६ हा गाडी बंद पडल्यावर छतावर ठेवायचा दिवा सक्तीचा आहे. त्रिकोणाची जागा आता त्याने घेतली. पोर्तुगालमध्ये मात्र त्रिकोणच मागतात. दोन्ही गाडीत असू द्या. चमकणारं जॅकेट हाताशी ठेवा, मागच्या डिकीत नको. महामार्गावर उतरायच्या आधी ते अंगात असावं लागतं.

## टप्पा ४: मुक्काम

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण दोन देशांचे कायदे दोन तऱ्हेचे आहेत.

स्पेनमध्ये गाडी 'लावणं' आणि 'कॅम्पिंग करणं' यात फरक करतात. जिथे इतर गाड्या लावायला परवानगी आहे तिथे मोटरहोमही लावता येते, आणि लावलेल्या गाडीत आत तुम्ही झोपलात की पत्ते खेळलात याच्याशी वाहतूक खात्याला देणंघेणं नसतं. पण गाडीच्या आकाराबाहेर काहीही जाता कामा नये. छत्रीसारखा पडदा उघडला, खुर्ची बाहेर मांडली, गाडी पायांवर किंवा ठोकळ्यांवर उचलली, बाहेर उघडणारी खिडकी उघडली, पाण्याचा थेंब खाली सोडला, की ते कॅम्पिंग झालं. त्याचे नियम प्रत्येक प्रांताचे आणि नगरपालिकेचे वेगळे, आणि दंड जबर. समुद्राला लागून असलेल्या पट्ट्यावर किनाऱ्याचा कायदा लागतो; तिथे गाडी लावायचीच नाही. बाजूला दहा मोटरहोम उभ्या दिसल्या म्हणजे ते चालतं असं नाही. पहाटे पोलीस आले की दहा पावत्या फाटतात.

पोर्तुगालमध्ये झोपण्यावरच बंधन आहे. २०२१ साली कायदा बदलला. रात्री ९ ते सकाळी ७ या वेळात माणसांसह गाडी उभी असणं म्हणजे रात्रीचा मुक्काम. संरक्षित निसर्गक्षेत्रांत आणि किनारा आराखड्याखालच्या पट्ट्यात अधिकृत जागा सोडून असा मुक्काम करता येत नाही. बाकी ठिकाणी एका नगरपालिकेच्या हद्दीत ४८ तासांपर्यंत चालतो, स्थानिक नियम आडवा येत नसेल तर. थोडक्यात, साग्रेश किंवा साऊ व्हिसेंते भूशिराच्या कड्यावर सूर्यास्त बघा, पण झोपायला आत या.

रोजचा क्रम असा ठेवा:

१. आदल्या रात्री उद्याच्या दोन जागा निवडून ठेवा, एक पहिली पसंतीची आणि एक राखीव. पार्कफॉरनाइट किंवा कॅम्परकॉन्टॅक्ट या मुक्कामाच्या जागा दाखवणाऱ्या ॲपवर गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचा. जुने अभिप्राय कायदा बदलण्यापूर्वीचे असू शकतात.

२. मोटरहोमसाठी खास बांधलेले थांबे आधी बघा. स्पेनमध्ये त्यांना 'आरेआ दे आउतोकाराव्हानास' म्हणतात, पोर्तुगालमध्ये पाटीवर 'एएसए' अशी आद्याक्षरं दिसतात. अनेक लहान गावांत नगरपालिकेने बांधलेले थांबे फुकट किंवा नाममात्र दरात असतात.

३. दर तिसऱ्या रात्री पूर्ण सोयींचं कॅम्पसाइट घ्या. कपडे धुणं, नीट अंघोळ, बॅटरी चार्ज, सगळं एकदम उरकतं.

४. दुपारी चारपर्यंत जागेवर पोहोचा. थांब्यांवर पहिला येईल त्याला जागा, आणि पाचनंतर चांगल्या जागा उरत नाहीत.

सावधान: महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या आवारात रात्र काढू नका. चोऱ्या तिथेच होतात.

## टप्पा ५: रस्त्यावर

इथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं. सरळ रस्त्यावर दोन तासांत सवय होते. चूक होते ती पंपातून बाहेर पडताना आणि रिकाम्या गावातल्या वळणावर. शेजारी बसणाऱ्याने अशा प्रत्येक वेळी मोठ्याने 'उजवीकडे' म्हणायचं, हे घरातलं नातं कितीही नाजूक असलं तरी. चक्राकार चौकात डावीकडून येणाऱ्याला, म्हणजे आत आधीच असलेल्याला, वाट द्यायची. पोर्तुगालमध्ये पहिल्याच फाट्याला बाहेर पडायचं असेल तरच बाहेरची मार्गिका घ्यायची.

मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग लोंबता असतो. वळताना तो एसटीच्या शेपटासारखा उलट बाजूला फेकला जातो, आणि शेजारच्या कारचा आरसा तिथेच जातो. वळण रुंद घ्या. मागे घेताना एकाने खाली उतरलंच पाहिजे. कॅमेऱ्यात छत दिसत नाही.

३,५०० किलोपर्यंतच्या मोटरहोमला स्पेनच्या महामार्गावर ताशी १२० आणि साध्या रस्त्यावर ९० ची मुभा आहे, पण ९५ वर गाडी शांत चालते आणि डिझेलही वाचतं. गावात जाण्या-येण्याची एकेकच मार्गिका असेल तर मर्यादा ३०. हा नियम २०२१ पासून आहे आणि कॅमेरे त्यावर टपून असतात.

अंदालुसियाची पांढरी गावं, उदाहरणार्थ आर्कोस दे ला फ्रोन्तेरा, यांच्या जुन्या भागात गाडी घालू नका. गल्ली वर जाता जाता निमुळती होते आणि मागे घ्यायला जागा राहत नाही. कारचं नकाशा ॲप तुम्हाला बिनदिक्कत तिथे नेईल. उंची-रुंदी भरता येते असं ट्रकसाठीचं ॲप वापरा.

डिझेल साधारणपणे स्पेनमध्ये स्वस्त. अयामोंते, बादाखोस किंवा तुई यांपैकी जिथून सीमा ओलांडाल तिथे स्पेनच्या बाजूलाच टाकी भरा. पंपावर 'गासोलिओ' किंवा पोर्तुगालमध्ये 'गासोलिऊ' म्हणजे डिझेल. 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल. दोन्ही शब्द सारखेच वाटतात, म्हणून नोझल उचलण्यापूर्वी टाकीच्या झाकणावरचं अक्षर जुळवून बघा.

## टप्पा ६: टोल

स्पेनचे बरेच मोठे महामार्ग आता टोलमुक्त आहेत. कोस्ता देल सोल या मालागाच्या किनाऱ्यावरचा एपी-७ अजून टोलचा, पण त्याला समांतर ए-७ फुकट आहे.

पोर्तुगालमध्ये दोन पद्धती. काही रस्त्यांवर नाका असतो, तिकीट घ्यायचं आणि उतरताना पैसे भरायचे. फारोहून लिस्बनला जाणारा ए-२ असा आहे. काही ठिकाणी नाकाच नसतो, कमानीवरचे कॅमेरे नंबर टिपतात. आल्गार्व्हचा ए-२२ आणि आतल्या भागातले काही महामार्ग १ जानेवारी २०२५ पासून टोलमुक्त झाले, त्यामुळे ही डोकेदुखी कमी झाली आहे, संपलेली नाही. भाड्याच्या गाडीत टोलचं यंत्र आहे का आणि चालू आहे का, ते ताबा घेतानाच विचारा. यंत्र नसेल तर नाक्यावरच्या हिरव्या 'व्हिया व्हेर्द' मार्गिकेत शिरू नका. चुकून शिरलात तर थांबून मागे येण्याचा प्रयत्न अजिबात नको. पुढे जा आणि नंतर पैसे भरायची सोय शोधा.

मोटरहोमचा दर कारपेक्षा जास्त पडतो, कारण पुढच्या चाकांवरची उंची १.१ मीटर किंवा जास्त असेल तर दुसरा वर्ग लागतो. लिस्बनच्या दोन्ही मोठ्या पुलांवर टोल फक्त शहराकडे येताना आहे.

## टप्पा ७: सांडपाणी, संडास, पिण्याचं पाणी

हा क्रम चुकला तर अख्खं कुटुंब आजारी पडतं. तीन वस्तू, आणि त्या याच क्रमाने.

१. सांडपाणी. थांब्यावर जमिनीत जाळी असते. गाडी अशी उभी करा की खालचा व्हॉल्व्ह जाळीच्या बरोबर वर येईल. उघडा, रिकामं होऊ द्या, बंद करा. व्हॉल्व्ह उघडा ठेवून निघणारे पुष्कळ. मागे रस्ताभर भांडी धुतलेल्या पाण्याची रेघ, आणि त्याला दंड आहे.

२. संडासाची पेटी. बाहेरच्या झडपेतून ओढायची. भरलेली पेटी वीस किलोच्या आसपास असते, कमरेतून वाकू नका. ओतण्याची नळी फिरवून बाहेर काढा, टोपण उघडा, हवेचं बटण दाबून ठेवा आणि सावकाश ओता. बटण विसरलात तर गचके येतात आणि ते पायांवर येतात. थोडं पाणी घालून हलवा, पुन्हा ओता, मग रसायन आणि थोडं पाणी टाकून परत बसवा. हातमोजे तिथेच टाकून हात साबणाने धुवा.

३. पिण्याचं पाणी, सगळ्यात शेवटी. आता गाडी पुढे घ्या. नळावर स्पॅनिशमध्ये 'आग्वा पोताब्ले' लिहिलेलं असेल तरच भरा; आधी 'नो' असेल तर नको. संडास ओतायच्या जागेला लागून जो नळ असतो तो पेटी विसळण्यासाठी. त्याच्या तोंडाला आधीच्या माणसाची पेटी घासलेली असते. त्यावर पाणी भरायचं नाही, कितीही तहान लागली तरी. स्वतःची वेगळी नळी ठेवा, अर्धा मिनिट पाणी वाहू द्या, मग टाकीत सोडा.

तपासा: काही थांब्यांवर पाण्याला नाणी किंवा टोकन लागतं. एक आणि दोन युरोची नाणी वेगळ्या डबीत जमवा. प्यायला बाटलीचं पाणी, टाकीतलं स्वयंपाकाला आणि अंघोळीला, अशी विभागणी मला तरी बरी वाटते.

## टप्पा ८: वीज, गॅस आणि आपला स्वयंपाक

कॅम्पसाइटवर वीज मिळते ती मोजून. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला सुमारे १,४०० वॅट. दोन हजार वॅटची किटली लावली की खटका पडतो, आणि तो बऱ्याचदा कुलुपबंद पेटीत असतो. घरून इंडक्शन नेऊ नका. छोटा प्रेशर कुकर न्या. शेगडी गॅसची असते आणि कुकरमुळे गॅस अर्धा लागतो.

स्पेनमध्ये नारिंगी ब्युटेनचं सिलिंडर सगळीकडे दिसतं, पण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू होत नाही. हिवाळ्यात डोंगरात जाणार असाल तर प्रोपेन मागा. ब्रिटनचं सिलिंडर इथे बदलून मिळत नाही. निघतानाच भरून आणा. पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी गॅसवर चालणारा फ्रिज बंद करा, आत ज्योत पेटलेली असते.

फोडणी आत द्यायची असेल तर छताची खिडकी उघडून, कमी तेलात. मोहरी-हिंगाचा वास गाद्यांत बसतो आणि परत देताना सफाईचे पैसे कापले जातात. युरोपियन युनियनच्या बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा. मसाले, भाजणी, मेतकूट न्या. डाळ-तांदूळ तिथेच घ्या; लिस्बनमध्ये मार्तिम मोनिज चौकाच्या आसपास आणि माद्रिदमध्ये लाव्हापिएसला आपल्याकडच्या किराण्याची दुकानं आहेत.

## टप्पा ९: शहरात गाडी न्यायचीच नाही

माद्रिद, बार्सिलोना आणि इतर अनेक शहरांत धुराच्या निर्बंधांचे पट्टे आहेत. बाहेर कॅम्पसाइटवर गाडी ठेवा आणि बस किंवा लोकलने आत जा. लिस्बनला मोन्सांतोच्या जंगलात कॅम्पसाइट आहे, तिथून शहराची बस मिळते. सिंत्राला तर गाडीने जाऊच नका. लिस्बनच्या रोसिऊ स्टेशनवरून लोकल आहे, पाऊण तासाच्या आत पोहोचवते. तोलेदोत खाली गाडी लावून सरकत्या जिन्यांनी वर जाता येतं. ग्रानादाच्या अल्हाम्ब्रा या किल्ल्याचं तिकीट नावावर असतं, त्यातल्या नासरी महालांची वेळ ठरलेली असते आणि तिकिटं आधीच संपतात. ते तिकीट मिळालं की त्याभोवती बाकीचे मुक्काम बसवा.

महामार्गावर कुणी शेजारून हातवारे करून 'टायर बसलाय' सांगत असेल तर लगेच थांबू नका, विशेषतः बार्सिलोनाच्या आसपास. वर्दळीच्या जागी जा, दारं लॉक करून एकानेच उतरा. पासपोर्ट गाडीत ठेवायचा नाही.

## टप्पा १०: निघताना आणि परत देताना

रोज सकाळी गाडी हलवण्यापूर्वी एकाने बाहेरून फेरी मारायची: केबल काढली, गॅस बंद, पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्याने आतून: फ्रिजची कडी, कपाटं, ओट्यावर काही नाही. आणि मग डोकी मोजा. कॅम्पसाइटच्या बाथरूममध्ये कुणीतरी राहून जातं.

परत देण्याच्या आदल्या रात्री कॅम्पसाइटवरच मुक्काम करा, परतीच्या जागेपासून तासाभराच्या आत. सांडपाणी आणि पेटी तिथेच रिकामी करून विसळा, कारण न धुतलेल्या पेटीचा वेगळा आकार लावतात. डिझेल भरल्याची पावती, चारही बाजू, छत आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो घ्या. डिपॉझिट ज्या कार्डावर अडकलं आहे ते भारतात आल्यावर लगेच बंद करू नका. टोल आणि दंडाची बिलं काही आठवड्यांनीही त्याच कार्डावर येतात.